मिटलेली मूठ: ८१ वर्षांच्या आजींच्या खरजेचं प्रकरण

वय ८१, वजन ४२ किलो. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि वाचाही गेलेली. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, बोटं तळव्यात रुतलेली. औषधं तीन: रक्तदाबाचं अॅम्लोडिपिन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी अॅटोरव्हास्टॅटिन. घरात मुलगा, सून, १२ वर्षांची नात आणि ४ वर्षांचा नातू. दिवसभर आजींचं सगळं करणाऱ्या मावशी, आठवड्यातून तीनदा येणारा फिजिओथेरपिस्ट, आणि दर पंधरवड्याला पुण्याहून येऊन आजींच्या शेजारी झोपणारी लेक. चार महिन्यांपासून आजींच्या अंगाचा कोंडा गळतोय आणि उजव्या हातावर जाड पापुद्रे आलेत, अशी तक्रार. खाजेबद्दल विचारलं तर घरचे म्हणतात, "फारशी नाही."

हे प्रकरण एका पेशंटचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या खरजेत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलं आहे.

चार महिन्यांत काय काय झालं

पहिल्या महिन्यात निदान झालं कोरड्या कातडीचं. वयामुळे, हिवाळ्यामुळे, म्हणून खोबरेल तेलाचं मालिश सुरू झालं. मालिश करणाऱ्या मावशींचे हात रोज अर्धा तास आजींच्या अंगावर फिरत होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी गजकर्ण म्हटलं आणि मेडिकलमधून एक ट्यूब आली. तिच्यात क्लोबेटासॉल हे जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. दोन दिवसांत लाली गेली, घरच्यांना हायसं वाटलं. मग ती ट्यूब दहा आठवडे चालली, आणि मधे एकदा स्टिरॉइडचं इंजेक्शनही झालं.

प्रकरण खरं बिघडलं ते इथे. खरजेच्या किड्याला स्टिरॉइडने काहीच होत नाही. स्टिरॉइड दाबतं ते शरीराच्या प्रतिकाराला. लाली, पुरळ, खाज ही सगळी त्या प्रतिकाराचीच चिन्हं असतात. ती गेली की वरून बरं वाटतं आणि आत किड्यांना मोकळं रान मिळतं. साध्या खरजेत एका माणसाच्या अंगावर साधारण १० ते १५ किडे असतात. खपल्यांच्या खरजेत, म्हणजे क्रस्टेड स्केबीजमध्ये, तोच आकडा हजारांत आणि कधी लाखांत जातो.

तिसऱ्या महिन्यात सुनेच्या मनगटांना आणि कमरेला रात्री खाज सुटू लागली. उष्णता म्हणून सब्जाचं पाणी झालं. मग नातवाच्या तळपायांवर बारीक पुरळ आलं. चौथ्या महिन्यात मावशींनी "अंगाला काहीतरी उठलंय" म्हणून आठवडाभर सुट्टी घेतली. एका छपराखाली तीन माणसं खाजवत होती, पण तिघांच्या तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणी सांगितल्या गेल्या. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे घरातली साखळी जुळवायची तर दीड महिना मागे जाऊन विचारावं लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या खाजेत "घरात आणखी कुणाला खाज आहे का?" हा पहिला प्रश्न असायला हवा. उत्तर "हो" आलं की अर्धं निदान तिथेच झालं.

तपासणी

आजींना पूर्ण उघडून, कुशीवर वळवून पाहिलं. वृद्धांना संकोच असतो आणि घरच्यांना घाई, त्यामुळे बऱ्याचदा हात-पाय पाहून काम भागवलं जातं. इथे पाठीवर, कुल्ल्यांवर आणि कमरेभोवती बारीक पुरळ होतं. साडी खोचायच्या जागी त्याचा पट्टाच दिसत होता. डाव्या मनगटात सोन्याची पाटली होती, कित्येक वर्षांत न निघालेली. ती वर सरकवल्यावर खालच्या कातडीत ५-६ मिलिमीटरची एक नागमोडी करडी रेघ सापडली. किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ पोखरत जाते, त्याचीच ती खूण. डाव्या, म्हणजे हालचाल असलेल्या हातावर एवढंच होतं. केसांच्या कडेने आणि कानामागे मात्र कोंडा होता.

उजवा हात पूर्ण वेगळा. बोटांच्या पाठीवर, बेचक्यांत आणि कोपरावर पिवळट-करड्या, वाळलेल्या चिखलासारख्या भेगाळलेल्या खपल्या होत्या. नखं जाड झालेली, नखांखाली भुसा साठलेला. उजव्या तळपायाच्या कडेलाही तेच. मूठ उघडल्यावर आतून आंबूस वास आला, आणि तळव्याच्या घडीत खपलीचा एक अखंड थर होता.

एकाच माणसाचे दोन हात इतके वेगळे कसे? डाव्या हाताला खाज कळते आणि तो खाजवून घेता येतो. खाजवताना बिळं फुटतात, किडे नखांबरोबर निघून जातात. लुळ्या हाताला खाजवता येत नाही, आणि त्याला खाजवायला डावा हात मिटलेल्या मुठीत शिरत नाही. किडे तिथे बिनधोक वाढतात. १८४८ साली नॉर्वेत डॅनियलसन आणि बोएक यांनी हा प्रकार पहिल्यांदा नोंदवला तो कुष्ठरोग्यांमध्ये, ज्यांच्या हातापायांची संवेदना गेलेली होती. म्हणूनच त्याला बरीच वर्षं नॉर्वेजियन स्केबीज म्हणत. आपल्याकडेही अशा खपल्या दिसल्या तर हाताची बधिरता तपासावी, आणि साखर व एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. आजींची साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक होतं, एचआयव्ही नव्हता. कारण स्टिरॉइड आणि पक्षाघात एवढंच निघालं.

सुनेने विचारलं, "डॉक्टर, आईंना खाजच नाही, मग खरूज कशी?" आजींना खाज होती. रात्री दोन-तीनला त्या कण्हायच्या, डावा खांदा गादीवर घासायच्या, डायपर ओढायच्या. त्याला "वयामुळे झोप नाही" म्हणून झोपेची अर्धी गोळी सुरू झाली होती. ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याला स्मृतिभ्रंश आहे, त्याची खाज अशीच दिसते: बेचैनी, चिडचिड, रात्रीची जाग.

खात्रीसाठी खपलीचा नमुना घेतला. कातडीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब, १५ नंबरच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवड, काचपट्टी, वर कव्हरस्लिप आणि सूक्ष्मदर्शकाची कमी ताकदीची भिंग. साध्या खरजेत ही तपासणी पुष्कळदा रिकामी येते, कारण किडेच मोजके असतात. रिकामी आली म्हणून खरूज नाही असं ठरत नाही. इथे पहिल्याच पट्टीवर जिवंत किडे, अंडी आणि त्यांच्या विष्ठेचे तपकिरी कण दिसले. वृद्धाची कातडी पातळ कागदासारखी असते, म्हणून खरवड रक्त येईपर्यंत न्यायची नाही. ज्या वृद्धाच्या अंगावर पाण्याचे फोडही असतील, त्याच्यात पेम्फिगॉइड हा फोडांचा त्वचारोग वेगळा काढावा लागतो. इथे तसं काही नव्हतं.

औषध कोणतं, किती

साध्या खरजेत पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम दोनदा, आठवड्याच्या अंतराने, एवढं पुरतं. खपल्यांच्या खरजेत नुसतं क्रीम पुरत नाही, कारण ते खपलीच्या तळापर्यंत पोचत नाही. नुसती गोळीही पुरत नाही, कारण खपलीत रक्तपुरवठा नसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी उपचार करायचे.

गोळी आयव्हरमेक्टिनची, मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. अंदाजाने वजन धरायचं नाही. मुलाने आजींना उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची: ११३ वजा ७१ म्हणजे ४२. मात्रा आली ८.४ मिलिग्रॅम. ६ ची एक आणि ३ ची एक, मिळून ९ मिलिग्रॅम. सरसकट १२ ची गोळी देण्याची सवय ४२ किलोच्या माणसाला नको. दिवस ठरले १, २, ८, ९ आणि १५. पोटभर जेवणाबरोबर घेतली तर गोळी जास्त शोषली जाते. आजींना गिळायला त्रास, म्हणून गोळी कुटून तूप घातलेल्या मऊ भातात, ताठ बसवून.

मुलाने मोबाईलवर वाचलं होतं की या गोळीने म्हातारी माणसं दगावतात. त्याची भीती उगाच नव्हती. १९९७ साली कॅनडातल्या एका वृद्धाश्रमाबद्दल तशी शंका 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. पण त्या रुग्णांना आधी लिंडेनसारखी खरजेची जुनी औषधंही लावलेली होती, आणि नंतरच्या वापरात तसा संबंध दिसला नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेसाठी आयव्हरमेक्टिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. वृद्धांमध्ये खरी काळजी दुसरीच आहे: रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्या माणसाचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढू शकतो, म्हणून तो दोन-तीन दिवसांत पाहायचा. आजी वॉरफरिनवर नव्हत्या.

गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे तेच लिंडेन, वृद्धांना लावूच नये. त्याने झटके येऊ शकतात, आणि पक्षाघात झालेल्या मेंदूला तो धोका जास्त. बेंझिल बेंझोएट या खरजेच्या आणखी एका औषधाने ओरखडलेली कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून तेही बाजूला ठेवलं.

पर्मेथ्रिन एक दिवसाआड, दोन आठवडे: १, ३, ५, ७, ९, ११, १३. दर वेळी ३० ग्रॅम, म्हणजे सात ट्यूब. मधल्या दिवशी कोपर, तळपाय आणि उजव्या हाताच्या पाठीवर २० टक्के युरियाचं मलम, खपल्या मऊ होऊन सुटाव्यात म्हणून. सॅलिसिलिक अॅसिड जास्त जोरकस असतं, पण म्हाताऱ्या कातडीतून ते मोठ्या प्रमाणात शोषलं जातं. इथे युरियावर भागत होतं. खाजवलेल्या ठिकाणी मधासारख्या पिवळ्या खपल्या, म्हणजे जंतुसंसर्ग होता, त्यासाठी सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ दिवस. क्लोबेटासॉलची ट्यूब त्याच दिवशी बंद. इतके आठवडे वापरलेलं असल्याने गळाठा, उलट्या किंवा रक्तदाब उतरणं दिसलं तर लगेच कळवायला सांगितलं.

क्रीम लावायचं कसं

अपयशाचं सगळ्यात मोठं कारण लावण्यात असतं, औषधात नव्हे. म्हणून पहिली वेळ सुनेकडून समोर करवून घेतली.

वेळ रात्री ९, धुवायचं सकाळी ७ ला. ८ ते १४ तास ठेवायचं असतं. आधी कोमट पाण्याने अंग पुसून, पूर्ण कोरडं आणि गार होऊ द्यायचं. कढत पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावलं तर औषध कातडीत राहण्याऐवजी आत जास्त शोषलं जातं. तेल त्या दिवशी अजिबात नाही.

तरुणांना मानेखाली लावायला सांगतात. वृद्धांना डोक्यापासून. टाळू, कपाळ, कानामागे, कानाच्या पाळीच्या घड्या, मान. डोळे आणि ओठ सोडायचे. मग काखा, स्तनांखालच्या घड्या, बेंबी, जांघा, कुल्ल्यांमधली फट, पायांच्या बोटांच्या बेचक्या, नखांखाली. नखं आधी अगदी आखूड कापायची, जुना दातघासणीचा ब्रश घेऊन नखाखाली क्रीम घासायचं आणि तो ब्रश फेकून द्यायचा. पाटलीखाली पाटली फिरवत लावायचं. आजोबा पेशंट असतील तर कमरेचा करदोटा कापून नवा बांधायचा, गळ्यातला दोरा, गंडाही तसाच. याला घरचे कचरतात. किडा दोऱ्यात राहतो म्हणून तो बदलायचा, बांधताना श्रद्धेने बांधा, एवढं सांगितलं की ऐकतात. माकडहाडाजवळ आजींना रुपयाएवढी उघडी जखम होती, ती सोडून भोवती लावायचं. रात्री डायपर बदलला की तिथे पुन्हा क्रीम.

लावणारीच्या हातात हातमोजे, आणि बाहीचं टोक हातमोज्याच्या आत.

घर एकाच रात्री

सून, मुलगा, नात, नातू, मावशी, फिजिओथेरपिस्ट, पुण्यातली लेक आणि जावई. सगळ्यांनी त्याच रात्री क्रीम लावायचं, खाज असो नसो, आणि आठव्या दिवशी पुन्हा. मोठ्यांना ३० ग्रॅम, नातवाला साधारण १५. नातू १४ किलोचा, म्हणून त्याला आयव्हरमेक्टिन नाही, फक्त क्रीम. घरात कुणी गरोदर असती तर तिलाही क्रीमच, गोळी नाही.

किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवस तगतो, खपलीतला जास्त. गळणारा कोंडा किड्यांनी भरलेला असतो, म्हणून पहिले दोन आठवडे आजींच्या खोलीत केरसुणी बंद. झाडलं की कोंडा उडतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं उकळायचं. चादर, अभ्रा, गाऊन रोज बदलायचे. घरच्या मशीनला गरम पाण्याची सोय नव्हती, तेव्हा उकळत्या पाण्यात १० मिनिटं भिजवून मग मशीनला. गोधडी आणि शाल उकळता येत नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ७ दिवस माळ्यावर. हवेची गादी, चाकांची खुर्ची, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा साबणाच्या पाण्याने पुसायचे. घरात कीटकनाशक फवारायचं नाही, त्याची गरज नसते आणि म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाला त्याचा त्रास होतो. कडुनिंबाच्या पाण्याने अंग पुसायला हरकत नाही, पण तो उपचार नव्हे.

पंधराव्या दिवशी

पाठ, पोट, कोपर स्वच्छ. तळपाय मऊ. उजव्या मुठीतून खरवड घेतली आणि त्यात जिवंत किडा निघाला.

दोन गोष्टी चुकल्या होत्या. पहिली मुठीची. सून क्रीम बोटांच्या पाठीवर भरपूर लावत होती, पण मूठ उघडायला गेलं की आजी कण्हायच्या, म्हणून आत बोटाचं टोक फिरवून सोडून द्यायची. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. ओढून मूठ उघडायची नसते. हात १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, मग मनगट आतल्या बाजूला, तळव्याकडे वाकवायचं. तसं केलं की बोटांचे ताणलेले स्नायुबंध सैल पडतात आणि बोटं आपोआप सुटतात. अंगठा आधी बाहेर काढायचा, मग करंगळीकडून एकेक बोट. हात टिपून कोरडा, गार झाल्यावर तळव्याच्या घडीत क्रीम, प्रत्येक बेचकीत क्रीम, आणि मऊ सुती कापडाची जाडसर गुंडाळी मुठीत, म्हणजे बोटं पुन्हा रुतत नाहीत. ती गुंडाळी रोज टाकून द्यायची. शिवाय रात्री एकदा आजींना दूध भरवल्यावर हात पुसले जात, आणि क्रीम तिथेच जाई. हात धुतला किंवा पुसला की पुन्हा लावायचं, ही सूचना दिली गेली होती, पण कागदावर नव्हती.

दुसरी चूक मावशींची नव्हे, त्यांना न सांगण्याची. पहिल्या रात्री त्या सुट्टीवर होत्या. त्यांची ट्यूब फ्रीजवर तशीच राहिली. नवव्या दिवशी त्या कामावर आल्या आणि त्यांनी आजींना उचललं. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत बिळं स्पष्ट होती. त्या आणखी एका घरी एका आजोबांचं करत होत्या. खरूज म्हटलं की काम जाईल, या भीतीने त्या गप्प होत्या. लागण त्यांना आजींकडून झाली होती, त्यांच्याकडून आजींना नव्हे. म्हणून औषध घराच्या खर्चाने, क्रीमनंतरच्या सकाळपासून काम चालू, आणि दुसऱ्या घरी डॉक्टरांकडून फोन, असं ठरलं. आजोबांच्या घरीही उपचार झाले.

जिवंत किडा सापडल्याने आजींच्या आयव्हरमेक्टिनच्या आणखी दोन मात्रा, २२ आणि २९ व्या दिवशी. मुठीला क्रीम एक दिवसाआड आणखी दोन आठवडे. मावशींच्या संपर्कामुळे घरच्यांना क्रीमची एक जादा वेळ, मावशी लावतील त्याच रात्री.

खाज उरते तेव्हा

सुनेला तिसऱ्या आठवड्यातही खाज होती, आणि तिने मनाने दोनदा जास्त पर्मेथ्रिन लावलं. त्याने कातडी आणखी कोरडी, खाज आणखी. किडा मेला तरी त्याचे अवशेष कातडीच्या वरच्या थरात असतात, खाज २ ते ४ आठवडे राहू शकते. नवी बिळं किंवा नवं पुरळ नसेल तर औषध पुन्हा लावायचं नाही. साधं व्हॅसलिन पुरेसं. आजींची खाज पहिल्या आठवड्यात उलट वाढली, कारण स्टिरॉइड थांबलं होतं. हे आधी सांगितलं नसतं तर ती ट्यूब परत आली असती.

खाजेसाठी आजींना हायड्रॉक्सिझिन किंवा क्लोरफेनिरामिन या झोप आणणाऱ्या खाजेच्या गोळ्या दिल्या नाहीत. वृद्धांमध्ये त्यांनी भ्रम होतो, लघवी तुंबते, माणूस पडतो. रात्री सेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, दहा नव्हे, आणि झोपेची अर्धी गोळी बंद. पाचव्या आठवड्यात आजी रात्रभर झोपू लागल्या.

सहाव्या आठवड्यात मुठीच्या घडीतून आणि नखांखालून खरवड घेतली, दोन्ही पट्ट्या स्वच्छ. फिजिओथेरपिस्टने हाताला आधार देणारा जुना स्प्लिंट काढून टाकला, कारण त्याच्या आतलं फोम धुता येत नव्हतं, आणि धुता येईल असं कापडी अस्तर लावून नवा केला. मूठ रोज सकाळी मनगट वाकवून उघडायची, आत बोट फिरवून खरखरीत लागतं का पाहायचं, हे मावशींनी सुनेला दाखवलं. सुनेचा हात चुकला तेव्हा त्यांनीच तिचं बोट धरून तळव्याच्या घडीवर ठेवलं.